सकाळच्या अकरा चुका

सोमवार, ३

साहेबांनी सांगितलेलं काम वर्षभर टोलवत होते, ते आज संपवलं. डिरेक्टरी सर्व्हरवर पाळत बसवली.

नव्या लोकांना मी हा सर्व्हर असा समजावते: रुग्णालयातल्या बाराशे माणसांची हजेरीवही आणि किल्ल्यांचा जुडगा एकाच कपाटात. डॉक्टर असो, नर्स असो की धुलाईवाले, कोणीही पासवर्ड टाकला की त्याचा संगणक या कपाटाला विचारतो, हा आपलाच ना, याला काय काय उघडून द्यायचं? कपाट बंद पडलं तर फार्मसीतून साधी गोळी बाहेर निघणार नाही. आणि एवढ्या मशीनकडे आजवर कोणी ढुंकून बघितलं नव्हतं. त्याचा लॉग, म्हणजे कोण कधी आत आलं याची नोंदवही, तोसुद्धा माझ्या आधीच्या माणसाने बंद करून ठेवलाय, का तर डिस्क भरते.

आता एसएनएमपी नावाच्या पद्धतीने दर पाच मिनिटांनी त्याला विचारलं जातं: किती जण आत आले, किती चौकशा झाल्या, किती चुकीचे पासवर्ड पडले. तो आकडा सांगतो, माझ्या टेबलासमोरच्या पडद्यावर रेघ पुढे सरकते. नुसते आकडे, नावं नाहीत. दिवसभर मी त्या रेघेकडे बघत बसले होते. साहेब म्हणाले, "अहो, बाळ झाल्यासारखं काय बघताय?"

संध्याकाळी घरी सगळं उत्साहाने सांगितलं. नवरा आमच्याच रुग्णालयात मुख्य फार्मासिस्ट आहे, पण संगणकाचा विषय निघाला की एरवी त्याला जांभई येते. आज मात्र नीट ऐकलं. "म्हणजे किती चुका माफ असतात तुमच्याकडे?" असंही विचारलं. मी म्हटलं, चार. पाचवीला खात्याला कुलूप. मात्र अर्धा तास गप्प बसलं की पाटी कोरी होते. "बरं आहे की," म्हणाला. गेल्या महिन्यात त्याच्या खात्याला दोनदा कुलूप लागलं होतं आणि मी त्याला चिडवत चिडवत ते उघडून दिलं होतं. तेव्हापासून जपून असतो वाटतं.

गुरुवार, ६

एक गंमत दिसली. आमच्याकडे पाळी नऊला बदलते, त्यामुळे सात ते नऊ सर्व्हर जवळजवळ रिकामा असतो. पण चुकीच्या पासवर्डांची रेघ तेव्हाच उठते. मंगळवारी नऊ, काल अकरा, आज अकरा. नऊनंतर दिवसभरात चुका पसरून होतात, ते समजू शकतं. सकाळी सातला कोण एवढा धडपडतोय?

खात्याच्या नोंदीवर चुकांची संख्या असते, पण बरोबर पासवर्ड पडला की ती पुसली जाते. मी नऊला जाऊन बघते तेव्हा सगळी खाती साफ.

शनिवार, ८

सुट्टी. नणंदेचा फोन. काल तिचा वाढदिवस होता. "वहिनी, दादाने सकाळीही फोन केला आणि संध्याकाळीही. दोन्ही वेळेला तेच बोलला, तेच विनोद. मी म्हटलं, एवढं प्रेम कधीपासून?" आम्ही दोघी खूप हसलो. त्याला सांगितलं तर तो हसला नाही. पेपर वाचत बसला.

हल्ली चिडका झालाय. आज मला विचारलं, गॅसचा माणूस येऊन गेला का. गेला, म्हटलं. तासाभराने पुन्हा तेच. मी म्हटलं, लक्ष कुठे असतं तुझं? तर ताडकन उठून गच्चीत गेला. हल्ली सकाळीही साडेसहालाच घराबाहेर पडतो. आधी आठला निघायचा, आम्ही बरोबर चहा घ्यायचो. म्हणे गर्दी व्हायच्या आत साठा मोजून होतो. हा तिसरा आठवडा, मी एकटीच चहा पितेय. पन्नाशीनंतर पुरुषांना कामाचं खूळ लागतं म्हणतात, तसंच असेल.

मंगळवार, ११

आज घाम फुटला. पाच-पाच मिनिटांचे आकडे काढून शेजारी शेजारी मांडले. सातला चार चुका. मग शांतता. साडेसातनंतर पुन्हा चार. शांतता. आठनंतर एक ते तीन, आणि मग काही नाही. रोज. एकदाही पाच नाहीत.

हा धडपडणारा माणूस नाही. धडपडणारा सलग सहा-सात वेळा बटणं बडवतो आणि कुलूप लावून घेतो. याला चारचा नियम ठाऊक आहे. अर्ध्या तासाने पाटी कोरी होते हे ठाऊक आहे. कोणीतरी आतला माणूस शांत डोक्याने कोणाचा तरी पासवर्ड शोधतोय, आणि आठनंतर तो थांबतो याचा अर्थ रोज त्याला तो सापडतोय.

साहेबांना दाखवलं. त्यांचाही चेहरा उतरला. "रुग्णांची माहिती बाहेर जात असेल तर आपण दोघं घरी," म्हणाले. लॉग सुरू करायचा तर सर्व्हर बंद करून चालू करावा लागतो, त्याची परवानगी महिनाअखेरीस मिळेल. तोवर काय करायचं? मी म्हटलं, सापळा लावू.

घरी सांगितलं नाही. साहेबांनी बजावलंय. पण मला राहून राहून वाटतंय, नियम इतका नेमका कोणाला माहीत असेल? आमच्या खोलीतल्या चौघांना. चौघांचेही चेहरे डोळ्यांपुढे आणून बघितले. कोणाबद्दल काय विचार करतेय मी, असं वाटून लाज वाटली.

गुरुवार, १३

सापळा लावला. चुकांची मर्यादा गुपचूप खाली आणली. आता दोन माफ, तिसरीला कुलूप. कुलूप लागताच माझ्या, साहेबांच्या आणि सुरक्षाप्रमुखांच्या फोनवर इशारा येईल. सुरक्षाप्रमुख लष्करातून आलेले, त्यांना आम्ही मेजर म्हणतो. ते इतके खूश झाले की उद्या सहालाच येऊन बसणार आहेत.

शुक्रवार, १४

सात वाजून चार मिनिटांनी इशारा आला. मी केस विंचरत होते. तशीच निघाले. रिक्षात बसल्यावर पायात दोन वेगळ्या चपला दिसल्या.

टेबलाशी पोचून नाव उघडलं. नवऱ्याचं नाव.

पहिल्यांदा मला एवढंच कळलं की कोणीतरी माझ्या नवऱ्याच्या खात्यात शिरतंय. मुख्य फार्मासिस्टचं खातं, म्हणजे झोपेच्या गोळ्या, मॉर्फिन, सगळं. मी जिना उतरून धावत फार्मसीत गेले, त्याला सावध करायला. तिथे तो त्याच्या खुर्चीत बसला होता आणि शेजारी मेजर कमरेवर हात ठेवून उभे होते, मागे नाव बघून आधीच पोचलेले साहेब.

"या वहिनी," मेजर म्हणाले, "तुमचा चोर पकडलाय. घरी नेताय की आम्ही ठेवू?"

सगळे हसले. साहेब पोट धरून हसले. दुसरी फार्मासिस्ट, चौदा वर्षं त्याच्या शेजारी काम करणारी, ती तेवढी कपाटाकडे तोंड करून बाटल्या लावत राहिली. नवराही हसला. "कॅप्स लॉक चालू राहिलं होतं," म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. मीही हसले. माझ्या पायांकडे बघून मेजर परत हसले.

साहेबांचं मत पडलं की आजचा योगायोग. खरा चोर हा गोंधळ बघून पळाला असणार. मर्यादा पूर्वीसारखी करा म्हणाले. मी हो म्हटलं आणि केली नाही, आणखी चार दिवस बघू. संध्याकाळी घरी चहा करताना नवऱ्याला चिडवलं, "तिसऱ्या चुकीलाच कुलूप ठेवलंय हं अजून. फक्त तुला सांगतेय, जपून." त्याने मान डोलावली. दोन कपांत चहा गाळला आणि तिसरा कप शोधायला लागला. मी म्हटलं, पाहुणा येणारेय का कोणी?

सोमवार, १७

दोन चुका. अर्धा तास शांतता. दोन चुका. अर्धा तास शांतता. दोन चुका. शांतता. आणखी एक.

मी पडद्यासमोर उभी होते. खुर्ची मागे होती, पण बसायचं सुचलं नाही. मर्यादा अजून दोनच आहे हे साहेबांना माहीत नाही, मेजरना माहीत नाही. मी ते एकाच माणसाला सांगितलंय.

मंगळवार, १८

काही लिहवत नाही.

बुधवार, १९

काल पडद्यावरच्या त्या दोन आठवड्यांच्या रेघेखाली मी माझ्या या वहीतली पानं ठेवून बघितली. नणंदेचा वाढदिवस, गॅस, तिसरा कप. सगळं मीच लिहिलंय, माझ्याच हाताने, तक्रारी म्हणून. बाराशे माणसांत एखादा आकडा वर गेला तर मला दिसतो. समोर बसून जेवणारा माणूस दिसला नाही.

आज तो घरी आल्यावर मी दार लावलं आणि म्हटलं, "सकाळी सातला काय करतोस तू?"

बराच वेळ तो बुटांची नाडी सोडत बसला. मग म्हणाला, "दिसतं ना तुझ्या पडद्यावर?"

"नाव दिसत नाही. आकडा दिसतो."

"किती आहे आकडा?"

"रोज अकरा चुका."

"मला वाटलं, कमी असतील," तो म्हणाला.

मग बोलला. दोन महिन्यांपूर्वी, मला न सांगता, दुसऱ्या रुग्णालयात जाऊन मेंदूच्या डॉक्टरांना दाखवून आलाय. तपासण्या झाल्या आहेत. कागद कुठे ठेवलेत ते आठवत नाही, पण डॉक्टर काय म्हणाले ते आठवतं. वाढत जाणार. हळू की भरभर, सांगता येत नाही.

मी विचारलं, पासवर्ड कुठेतरी लिहून का नाही ठेवलास? अकरा अकरा वेळा कशाला?

"तूच फाडलीस की चिठ्ठी. सगळ्यांसमोर."

खरं आहे. गेल्या वर्षी प्रशिक्षणाला फार्मसीत गेले होते, त्याच्या पडद्याला चिकटवलेला कागद काढून टराटरा फाडला आणि म्हटलं, बघा, खुद्द माझ्या घरचा माणूस. तेव्हाही सगळे हसले होते. दर महिन्याला पासवर्ड बदलायचा, जुना परत वापरायचा नाही, हा नियमही मीच साहेबांच्या मागे लागून आणलेला.

"पासवर्ड सगळे आठवतात मला," तो म्हणाला. "तुझी तारीख, मुलीची तारीख, आपल्या पहिल्या घराचा नंबर, सगळे. त्यातला आता चालू कुठला, तेवढंच आठवत नाही. म्हणून एकेक करून बघतो. कोणी नसताना."

मी त्याला धरून रडले. त्याने माझ्या पाठीवर थोपटलं, आणि थोड्या वेळाने विचारलं, "काय झालं?"

आता लाजिरवाणी गोष्ट लिहिते. तो झोपाळ्यावर डोळे मिटून पडल्यावर मी लॅपटॉप उघडला आणि घरूनच त्याच्या खात्यावरची मर्यादा काढून टाकली. एका ओळीचं काम. आता त्याने शंभर चुका केल्या तरी कुलूप लागणार नाही. सकाळच्या आकड्यांचा इशाराही बंद केला. सात वर्षांच्या नोकरीत मी असं कोणासाठी केलं नव्हतं. केल्यावर बरं वाटलं, हेही खरंच.

शुक्रवार, २१

दुपारी दुसरी फार्मासिस्ट माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. आजवर ती कधी वर आली नव्हती. "दोन मिनिटं जिन्यात येता?"

जिन्यात म्हणाली, "वहिनी, दोन महिन्यांपूर्वी दादा मला म्हणाले, माझा चष्म्याचा नंबर वाढलाय, मी काढलेलं प्रत्येक औषध तू परत तपासायचं. एकही खिडकीबाहेर जाता कामा नये. मी तपासतेय. दोन महिने सगळं बरोबर होतं. माझ्यापेक्षा बरोबर."

"मग?"

"आज एका चार किलोच्या बाळाचं होतं. दहापट मात्रा."

"गेलं बाहेर?"

"नाही. माझ्या हातात होतं. पण मला फोन आला होता वहिनी, मी फोन घ्यायला उठणारच होते." तिने जिन्यात वर-खाली बघितलं. "कोणाला सांगितलं नाही अजून. तुम्हाला आधी सांगावंसं वाटलं. दादांनी मला शिकवलंय सगळं."

ती गेल्यावर मी पायरीवर बसले. मी बुधवारी ती मर्यादा काढली नसती तर? मर्यादा असतानाही रोज तो आत शिरतच होता, हे मला कळतं. तरीही तोच प्रश्न. ते बाळ कोणाचं, मला माहीत नाही. त्याची आई बाहेर बाकावर बसली असेल, आणि मी घरी बसून इशारे बंद केले होते.

खोलीत परत येऊन मर्यादा पुन्हा लावली. इशाराही चालू केला.

घरी त्याला सगळं सांगितलं. तो पांढराफटक पडला. "किती वजनाचं बाळ?" एवढंच विचारलं. मी सांगितलं. त्याने मनात हिशेब केला, मला दिसत होतं करताना, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. म्हणजे ते गणित अजून त्याला येतं.

मग म्हणाला, "सोमवारी मी स्वतः अधीक्षक बाईंना सांगतो. तू नको, ती नको. एकवीस वर्षं त्या खिडकीत बसलोय. निदान हे तरी माझ्या तोंडाने होऊ दे." तोवर एकही औषध स्वतः काढणार नाही, असं त्याने माझ्या हातावर हात ठेवून सांगितलं. मी कबूल झाले. दुसऱ्या फार्मासिस्टला फोन केला, तीही कबूल झाली. आता औषधं ती एकटीच काढेल.

सोमवार, २४

अकराला तो बाईंकडे वर गेला. मी जिन्याच्या कठड्याशी उभी होते. वीस मिनिटांनी हसत उतरला. "सांगितलं," म्हणाला.

"काय म्हणाल्या?"

"बघू म्हणाल्या. चहा पाजला."

माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. बाई विचार करून ठरवतील. कितीतरी दिवसांनी आम्ही संध्याकाळी बरोबर चालत घरी आलो.

बुधवार, २६

काल दिवसभर बाईंकडून काही आलं नाही. मला वाटलं, कागदपत्रं करत असतील. आज सकाळी लिफ्टमध्ये भेटल्या. मी नमस्कार करून थांबले, त्या काहीतरी बोलतील म्हणून.

"काय हो," त्या म्हणाल्या, "यजमानांची स्वारी रोज येते हल्ली माझ्याकडे. सोमवारी आले, काल दोनदा आले. बसतात, चहा घेतात, जुन्या गप्पा मारतात. महत्त्वाचं सांगायचंय म्हणतात, आणि मग म्हणतात, राहू दे, आता आठवत नाही. सगळं ठीक ना?"

लिफ्टचं दार उघडलं, लोक आत आले, बाहेर गेले. माझा मजला होऊन गेला. तो खोटं बोलला नव्हता. जिना उतरताना त्याच्यासाठी ते सांगून झालेलं होतं.

"बाई," मी म्हटलं, "तुमच्या खोलीत जाऊ या का?"

दार लावून मी सगळं सांगितलं. सकाळचे आकडे, मेंदूचे डॉक्टर, बाळाचं औषध, मी काढलेली मर्यादा. काही लपवलं नाही. शेवटी त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग त्याला बोलावून घेतलं, शेजारच्या खुर्चीत बसवलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या की आजपासून रजा, मग निवृत्ती, निरोप तुम्ही म्हणाल तसा. माझ्या चुकीचं नंतर बघू. तो प्रत्येक वाक्याला मान हलवत होता, शाळेत हलवतात तशी. दुसरी फार्मासिस्ट त्याचा पांढरा कोट घडी घालून घेऊन आली. तिचे डोळे सुजलेले होते.

खातं बंद करायचा अर्ज माझ्याकडेच आला. साहेब म्हणाले, मी करतो. मी म्हटलं, नको. नाव शोधलं, बंद केलं. पडद्यावर काहीच हललं नाही. बाराशेतलं एक खातं बंद झाल्याने रेघ हलत नाही.

घरी येताना तो माझ्या दोन पावलं पुढे चालत होता. कोपऱ्यावरच्या पानवाल्यापाशी थांबला, मग पुन्हा चालायला लागला. आमच्या दाराशी आल्यावर एकदम मोठा श्वास सोडला.

"सुटलो बुवा," म्हणाला. "सांगून टाकलं एकदाचं बाईंना."

"हो," मी म्हटलं.

"गेले कित्येक दिवस जमत नव्हतं. आज जमलं." तो किल्ली हातात घेऊन माझ्याकडे बघत होता. "घाबरलो नाही ना मी? नीट सांगितलं ना सगळं?"

"अगदी नीट सांगितलंस," मी म्हटलं. "एक शब्दही चुकला नाही."